उतारशाळेचा उंबरठा

माणसाच्या जिवाचे मोल त्याच्या उरलेल्या वर्षांवरून ठरवावे काय, असा प्रश्न एखाद्या व्याख्यानात विचारला तर सारे श्रोते एकमुखाने ‘नाही’ म्हणतील. त्यासाठी कोणाला धर्मशास्त्र शिकावे लागत नाही. परंतु हाच प्रश्न रात्री अकरा वाजता एखाद्या खाजगी रुग्णालयाच्या दारात उभा राहतो, तेव्हा तो प्रश्नाच्या वेशात येत नाही. ‘वय किती?’ या साध्या चौकशीतून तो येतो, आणि उत्तर ऐकल्यावर समोरच्या माणसाच्या हालचालींत जो किंचित सैलपणा येतो, त्यातून तो प्रकट होतो. “पंच्याऐंशी का? बरं, बसा. डॉक्टरांना फोन लावतो.” कोणी वावगे बोललेले नसते, कोणी दार लावून घेतलेले नसते. तरीही त्या क्षणी एक निवाडा होऊन गेलेला असतो, आणि तो नाडीला हात लावण्याच्या आधी झालेला असतो.

या निवाड्याविषयी आम्हांस येथे काही बोलावयाचे आहे. ते नेवासे तालुका डोळ्यांसमोर ठेवून बोलू. गावाचे नाव घेतल्याशिवाय अशा चर्चा हवेत राहतात.

नेवाशाहून अहिल्यानगर, म्हणजे आपले जुने नगर, सुमारे ६० किलोमीटर. छत्रपती संभाजीनगरही दुसऱ्या दिशेला जवळजवळ तितकेच. मोठी रुग्णालये या दोन टोकांना. मधल्या पट्ट्यात प्रवरेचे काठ, उसाची शेते, भेंडे आणि सोनई येथील साखर कारखाने, वाड्या-वस्त्या, आणि त्या वस्त्यांवर मागे राहिलेली म्हातारी माणसे. मुले पुण्याला, मुंबईला, कोणी आखातात. आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांचे चित्र याहून वेगळे नाही. रविवारच्या मिस्सेला मागच्या बाकांवर बसलेल्या आजी-आजोबांना त्यांची मुले कोठे आहेत ते विचारून पाहावे. तालुक्याच्या गावी खाजगी रुग्णालय म्हणजे बहुधा दहा-वीस खाटा, खाली औषधाचे दुकान, वरच्या मजल्यावर डॉक्टरांचे बिऱ्हाड. रात्री हजर असतो तो एक तरुण मदतनीस डॉक्टर आणि एक परिचारिका. हृदयाचे, मेंदूचे, हाडांचे तज्ज्ञ ठरलेल्या वारी येतात. इतर वेळी ते फोनवर असतात. दिवसा ही व्यवस्था पुष्कळ लोकांच्या उपयोगी पडते, हे मान्य केलेच पाहिजे. तिची कसोटी लागते ती रात्री.

आणि म्हातारपणाचे दुखणे रात्र पाहूनच येते की काय, न कळे. ते येते तेही आपले खरे नाव न सांगता. तरुण माणसाला हृदयविकाराचा झटका आला तर तो छाती धरतो; पाहणाऱ्यालाही कळते. ऐंशीच्या पुढच्या माणसाच्या, विशेषतः मधुमेह्याच्या, छातीत पुष्कळदा दुखतच नाही. नुसता दम लागतो, घाम सुटतो, उलटी होते, किंवा अंगातले त्राणच जाते. फुप्फुसाचा किंवा लघवीचा जंतुसंसर्ग रक्तात पसरू लागला तरी अंग तापत नाही. आदल्या दिवसापर्यंत नातवंडांची नावे बरोबर घेणारी आजी अचानक असंबद्ध बोलू लागते, एवढेच. याला आपल्याकडे ‘म्हातारचळ’ हा तयार शब्द आहे, आणि तो शब्द उच्चारला की तपासणी संपते. न्हाणीघरात पाय घसरून पडलेली म्हातारी कण्हत नाही म्हणून तिला बिछान्यावर निजवून ठेवतात. खुब्याचे हाड मोडलेले असते, आणि त्याची शस्त्रक्रिया शक्यतो दोन दिवसांत झाली नाही तर छातीत कफ साठणे, पाठीला जखमा होणे, रक्तात गाठी होणे अशी संकटांची रांगच लागते. मेंदूची रक्तवाहिनी गाठीने तुंबून पक्षाघात झाला असेल तर ती गाठ विरघळविणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, तेही आधी मेंदूचे सी.टी. स्कॅन काढून. वस्तीवरून नेवासे, नेवाशाहून नगर, मध्ये एका रुग्णालयात ‘बघू सकाळपर्यंत’ म्हणून गेलेले चार तास, असा हिशेब मांडला की त्या इंजेक्शनाचा विषयच उरत नाही.

तात्पर्य, वय जास्त म्हणून घाई कमी, हा जो व्यवहार चालतो तो वैद्यकाच्याच विरुद्ध आहे. म्हाताऱ्या शरीरापाशी शिल्लक थोडी असते. तरुणाला जो उशीर सोसतो तो त्याला सोसत नाही. वय हे निदान नव्हे. ती निदान लवकर करण्याची सूचना आहे.

वयाच्या चौकशीमागून दुसरी चौकशी येते ती पैशाची. ‘अनामत किती भरता?’ २०२५ च्या मार्च महिन्यात पुण्याच्या दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात एका गर्भवती स्त्रीच्या नातेवाइकांकडे दहा लाख रुपये अनामत मागितल्याचे प्रकरण महाराष्ट्रभर गाजले. तिला दुसरीकडे न्यावे लागले. जुळ्या मुलींना जन्म देऊन ती दगावली. शासनाने चौकशी लावली, आणि यापुढे तातडीच्या रुग्णाकडून अनामत घेणार नाही, असे रुग्णालयाने जाहीर केले. वस्तुतः धर्मादाय रुग्णालयाने तातडीच्या रुग्णास अनामत न मागता दाखल करून घ्यावे, त्याची प्रकृती स्थिर होईपर्यंत जीवरक्षक उपचार करावेत, ही अट मुंबई उच्च न्यायालयाने आखून दिलेल्या योजनेत २००६ पासूनच आहे. एकोणीस वर्षांपूर्वीचा नियम पाळू, हे जाहीर करण्यासाठी एका आईचा जीव जावा लागला.

ती तरुण होती, दोन अर्भके मागे राहिली, म्हणून सारे राज्य हळहळले, आणि ते योग्यच झाले. पण तिच्या जागी पंच्याऐंशी वर्षांची आजी असती तर? बातमी झाली असती काय? आम्हांस शंका आहे. ‘वय झालंच होतं’ या तीन शब्दांत चौकशी, पंचनामा आणि श्रद्धांजली एकदमच उरकली असती. म्हाताऱ्यांच्या बाबतीत हेळसांडीचा पुरावाच राहत नाही, कारण मृत्यूला कारण आधीच मिळालेले असते.

कायदा या बाबतीत मुका नाही. एका स्कूटरस्वारास मोटारीची धडक बसली. जवळच्या रुग्णालयाने त्याला घेतले नाही आणि २० किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयात पाठविले. वाटेतच तो गेला. या वृत्तावरून दाखल झालेल्या परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली सांगितले, की डॉक्टर सरकारी असो वा खाजगी, जीव वाचविण्याचे कर्तव्य त्याला टाळता येत नाही. २० किलोमीटर न्यायालयाला फार वाटले. आपल्या तालुक्यातून नगर त्याच्या तिप्पट दूर आहे. १९९६ मध्ये त्याच न्यायालयापुढे बंगालमधील हकीम शेख या शेतमजुराचे प्रकरण आले. रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या या माणसाला कलकत्त्याची सरकारी रुग्णालये एकामागून एक ‘खाट नाही’ म्हणून परत पाठवीत राहिली. अखेर त्याला घेतले ते एका खाजगी रुग्णालयाने. न्यायालयाने सरकारला पंचवीस हजार रुपये भरपाई द्यावयास लावली. हे उदाहरण आम्ही मुद्दाम देतो, कारण ‘खाजगी’ हा शब्द शिवीसारखा वापरण्याची आमची इच्छा नाही. आपल्याच जिल्ह्यात ६ नोव्हेंबर २०२१ रोजी नगरच्या सरकारी जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागाला आग लागून त्या दिवशी ११ रुग्ण मृत्यू पावले. त्यांत वृद्धांचाच भरणा मोठा होता. निष्काळजीपणाला सरकारी-खाजगी असा भेद नाही.

मात्र एक फरक कायद्यातच राहून गेला आहे. ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ साली जो केंद्रीय कायदा झाला, त्याच्या विसाव्या कलमात वृद्धांना शक्यतो खाट मिळावी, त्यांची रांग वेगळी असावी, असे म्हटले आहे. पण ते सरकारी आणि सरकारी अनुदानावरील रुग्णालयांपुरते. जेथे तालुक्यातील पुष्कळ माणसे रात्री आधी धाव घेतात, त्या खाजगी दारावर ते कलम लागू नाही. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील प्रत्येकास, उत्पन्नाची अट न घालता, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचारांची सोय झाली, ही मोठीच गोष्ट. परंतु ती योजनेत सामील झालेल्या रुग्णालयांत. आणि त्यासाठी कार्ड काढलेले हवे. किती घरांतील म्हाताऱ्यांची कार्डे निघाली आहेत?

आता डॉक्टरांची बाजू. ती ऐकल्याविना निवाडा करणे म्हणजे आपणही तेच करणे होय. लहान रुग्णालयाचा मालक विचारतो, “मरणाच्या दारातला म्हातारा मी दाखल करून घेतला आणि तो पहाटे गेला, तर माझ्या काचा कोण भरून देणार?” ही भीती काल्पनिक नाही. डॉक्टरांवर व रुग्णालयांवर होणाऱ्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राला २०१० साली स्वतंत्र कायदा करावा लागला, यातच सारे आले. जो म्हातारा कदाचित वाचणार नाही त्याला दुसरीकडे धाडणे, म्हणजे मृत्यू आपल्या छपराखाली न होऊ देणे; ‘पुढे घेऊन जा’ या सल्ल्यात पुष्कळदा वैद्यकापेक्षा ही धास्तीच अधिक असते. आणि दुसरे गाऱ्हाणे पैशाचे. राजस्थान विधानसभेने मार्च २०२३ मध्ये आरोग्याच्या हक्काचा कायदा संमत केला. तातडीच्या रुग्णावर आगाऊ पैसे न घेता उपचार करावेत, रुग्णाने पैसे दिले नाहीत तर शासन देईल, असे त्यात होते. त्यावर तेथील खाजगी डॉक्टर दोन आठवड्यांहून अधिक काळ संपावर गेले. शेवटी तडजोड झाली आणि पुष्कळशी लहान खाजगी रुग्णालये कायद्याबाहेर राहिली. डॉक्टरांचे म्हणणे थोडक्यात असे, की शासन देईल, पण कधी? सरकारी योजनांची बिले अडकून राहतात, ही त्यांची जुनी तक्रार आहे.

या वादात आम्हांस आठवतो तो लूकच्या शुभवर्तमानातील उतारशाळेचा मालक. चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो. याजकाला आणि लेव्याला नावे ठेवली, शोमरोन्याची स्तुती केली. उतारशाळेच्या मालकाकडे मात्र प्रवचनांत सहसा कोणी वळत नाही; बिचारा व्यवसायिक माणूस! परंतु आजच्या खाजगी रुग्णालयाचा पूर्वज शोधावयाचा तर तो तोच आहे. त्याच्या दारात रात्री एक अर्धमेला माणूस आला. अंगावर कपडे नाहीत, नाव नाही, नातेवाईक नाहीत, ठावठिकाणा नाही. आणणारा परका, तोही तिरस्कृत जातीचा. मालकाने त्याला आत घेतले. त्या रात्री जखमी माणसाची शुश्रूषा झाली. दोन दिनार, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी, शोमरोन्याने त्याच्या हातावर ठेवली ती दुसऱ्या दिवशी. आणि जास्त लागेल ते परत येताना देईन, असा शब्द दिला.

प्रभूने या मालकाला पैसे घेतल्याबद्दल दोष दिला नाही. फुकट करावयास हवे होते, असेही तो कोठे सुचवीत नाही. व्यवसाय हा व्यवसायच आहे. खाट, औषध, परिचारिकेचा पगार यांना पैसा लागतो. पाहण्यासारखा आहे तो क्रम. आधी खाट, मग रात्र, मग सकाळ, मग दिनार. अनामत रकमेविषयीचा आपला सगळा वाद या क्रमाचा आहे. पैसे घ्यावेत की न घ्यावेत याचा तो नाही. आणि वयाचेही तसेच. दाखल्यातला तो माणूस तरुण होता की म्हातारा, हे लूकने सांगितलेले नाही. शोमरोन्यानेही विचारलेले दिसत नाही. वय विचारू नये असे नव्हे. डॉक्टरला औषधाचे प्रमाण ठरविण्यासाठी, शस्त्रक्रिया झेपेल की नाही हे पाहण्यासाठी ते विचारावेच लागते. परंतु ते तपासणीचा भाग म्हणून विचारावे. उंबरठ्यावरची चाळणी म्हणून जेव्हा ते विचारले जाते, तेव्हा क्रम उलटलेला असतो.

कोणी म्हणेल, साधने अपुरी असली तर निवड करावीच लागते. खरे आहे. मार्च २०२० मध्ये इटलीत करोनाचा कहर झाला तेव्हा तेथील भूलतज्ज्ञांच्या संघटनेने अतिदक्षता विभागात घेण्यासाठी वयाची मर्यादा ठेवावी लागेल, असे लेखी म्हटले. जगभर त्यावर वादळ उठले, आणि उठावयास हवेच होते. पण त्या डॉक्टरांनी निदान जे करावे लागत होते ते उघडपणे, कागदावर, नाइलाजाने मांडले. त्यावर कोणालाही आक्षेप घेता आला. आपल्याकडे साध्या मंगळवारच्या रात्री, अर्ध्या खाटा रिकाम्या असताना, एखाद्या व्हरांड्यात जी निवड होते, तिचा कागद नाही, तिला कारण नाही आणि ती केली असे कोणी म्हणतही नाही.

यात घरच्यांचा वाटा नाही असे समजू नये. “आता ह्या वयात कशाला त्यांचे हाल?” हे वाक्य डॉक्टरांच्या आधी पुष्कळदा मुलाच्याच तोंडून निघते, कधी फोनवरून, पुण्याहून. त्यात माया असते, थकवाही असतो, आणि कधी कधी शेताचा हिशेबही असतो. ख्रिस्ती घरांत या वाक्याला धार्मिक आधारही दिला जातो: देवाची इच्छा. येथे दोन निराळ्या गोष्टींची गल्लत होते. प्रत्येक म्हाताऱ्याला शेवटपर्यंत नळ्या लावून यंत्रावर ठेवलेच पाहिजे, असे आपली धर्मसभा सांगत नाही. पोप बारावे पायस यांनी १९५७ सालीच भूलतज्ज्ञांपुढे बोलताना असामान्य उपाय योजण्याचे बंधन नाही, हे स्पष्ट केले होते. परंतु इ.सी.जी. काढणे, प्राणवायू लावणे, रक्तातील साखर पाहणे, मोडलेला खुबा ओळखणे, यांत असामान्य काय आहे? बरे न होणाऱ्या माणसाला शांतपणे जाऊ देणे ही एक गोष्ट. त्याला काय झाले आहे हे पाहण्याचेच नाकारणे ही दुसरी. पहिलीसाठी आधी दुसरी करावी लागते, कारण बरा होणार नाही हे तपासल्याशिवाय कळणार कसे? शिवाय त्या म्हाताऱ्याला कोणी विचारले काय? तो शुद्धीवर असतो, ऐकत असतो, आणि त्याच्या खाटेच्या पायथ्याशी उभे राहून बाकीचे त्याच्याविषयी बोलत असतात.

आपल्याच एका संस्काराच्या नावात हा फरक उमटलेला आहे. जुन्या पिढीच्या मनात तो ‘शेवटचा अभ्यंग’ होता. फादर तेल घेऊन आले की आजूबाजूचे समजून जात आणि रडू फुटे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली म्हटले, की याला रुग्णाभ्यंग म्हणणे अधिक बरे. तो केवळ मरणोन्मुखांसाठी नाही. पुढे १९७२ मध्ये पोप सहावे पॉल यांनी त्याचा विधीही त्या अर्थाने नवा केला. आजारी म्हाताऱ्याला मरणोन्मुख न म्हणता रुग्ण म्हणावे, एवढाच हा बदल. पण तो अजून पुष्कळ घरांत पोहोचलेला नाही, रुग्णालयांत तर नाहीच.

नेवाशाची माती या बाबतीत काही निराळे सांगते. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये गीतेवरील आपले भाष्य सांगितले असे मानतात, तो पैस येथे आहे. ते लिहून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांची कथा येथे कोणीही सांगेल: लोकांनी त्यांना मृत म्हणून सोडून दिले होते, त्यांची पत्नी आकांत करीत होती, आणि ज्ञानेश्वरांनी थांबून नाव विचारले. कथेतील चमत्काराची चिकित्सा हा आमचा विषय नाही. सगळ्यांनी ज्याला संपला असे ठरविले होते त्याच्यापाशी एक माणूस थांबला, एवढे आम्ही त्यातून घेतो. त्या पुढे गेलेल्या माणसांत दुष्ट कोणी नव्हते.

राहता राहिला शोमरोन्याचा शब्द. उतारशाळेच्या मालकाने उधारीवर विश्वास ठेवला, कारण त्याच्यासमोर जबाबदारी घेणारा कोणी उभा होता. आजच्या म्हाताऱ्याच्या मागे असे कोण उभे असते? शेजारी रिक्षा आणतो, दारापर्यंत सोडतो, आणि सहीची वेळ आली की मागे सरतो. त्याचेही चुकत नाही. शासनाने हमीदार व्हावे, वेळेवर बिले द्यावीत, ही मागणी केलीच पाहिजे. पण शासन रात्री अकराला दारात उभे राहत नाही. तेथे धर्मग्राम उभे राहू शकते. आपल्याकडे पतपेढ्या आहेत, अंत्यविधीसाठी वर्गणी जमविणारी मंडळे आहेत. माणूस गेल्यावर जी वर्गणी तासाभरात जमते, ती माणूस जाण्याआधी एका रात्रीच्या हमीसाठी वेगळी काढून ठेवता येईल काय? जवळच्या दोन-तीन रुग्णालयांच्या डॉक्टरांशी दिवसाउजेडी, कोणी आजारी नसताना, बसून बोलता येईल: आमचा म्हातारा आला तर आधी तपासा, पैशाची जबाबदारी सकाळी आमची, आणि तो गेला तर तुमच्या काचेला हात लागणार नाही. यातील शेवटचे वचन डॉक्टरांना पहिल्याइतकेच मोलाचे वाटेल, असा आमचा तर्क आहे.

याखेरीज काही बारीकसारीक गोष्टी आहेत; त्यांना पैसा लागत नाही. एकट्या राहणाऱ्या प्रत्येक वृद्धाच्या घरी, दाराच्या आतल्या बाजूस, मोठ्या अक्षरांत एक कागद असावा: चालू औषधांची नावे, मधुमेह किंवा रक्तदाब आहे काय, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, मुलाचा आणि शेजाऱ्याचा फोन. आयुष्मान कार्ड त्याच कागदामागे अडकवावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यभर आहे आणि तिच्याबरोबर डॉक्टर असतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. रिक्षा शोधण्याआधी तो क्रमांक लावावा. रुग्णालयात सोबत जाणाऱ्याने एकच वाक्य पाठ करावे, आवाज न चढविता म्हणावे: “काल संध्याकाळपर्यंत ह्या चालत होत्या, बोलत होत्या, आज एकाएकी असं झालंय.” याने ‘म्हातारचळ’ हा शब्द तोंडातल्या तोंडात राहतो आणि डॉक्टरांचा हात नाडीकडे जातो. दर्शनी भागात रुग्णहक्कांची सनद लावणे २०२१ पासून महाराष्ट्रातील खाजगी शुश्रूषागृहांना बंधनकारक आहे. ती लावलेली आहे की नाही, हे दिवसा एकदा जाऊन पाहून यावे.

आणि घराची दुसरी किल्ली कोणाकडे आहे, तेही त्या कागदावर लिहावे. कडी आतून लावून निजणारी म्हातारी न्हाणीघरात पडली तर उंबरठा ओलांडण्याचा प्रश्न रुग्णालयाच्या कितीतरी आधी, तिच्याच दाराशी सुरू होतो.